तिसऱ्या मजल्यावरचा थंडावा

मार्च संपत आला की लालबागच्या रस्त्यांवर तांबं हिंडायला लागतं. स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये ठेवलेलं, खांद्याला आडवं लटकवलेलं, कधी टॅक्सीच्या टपावर दोरीने बांधलेलं तांब्याच्या नळीचं गोल वेटोळं. लोकांना उन्हाळा आंब्याच्या पेट्यांवरून कळतो. मला गेल्या वर्षापासून तो या वेटोळ्यांवरून कळतो. आज सकाळीच करी रोडच्या पुलाजवळ एक मेकॅनिक असं वेटोळं घेऊन चालला होता, आणि मी कामाला उशीर होत असताना त्याच्या मागून वीस पावलं उगाच चालत गेले. नळीची तोंडं बंद आहेत का ते बघायला. बंद होती. लाल टोप्या लावलेल्या. बरं वाटलं.

थंडावा ही या शहरात वाटायची वस्तू झाली आहे आणि वाटप अन्यायाचं आहे, हे मी पत्रकात लिहिते तसं इथेही लिहिणार. एसीला दोन तोंडं असतात. एक आत, थंड. एक बाहेर, गरम. थंड तोंड ज्याचं त्याचं, गरम तोंड सगळ्यांचं! दुपारी आमच्या चाळीच्या गॅलरीत उभं राहिलं की मागच्या टॉवरचे पंखे सरळ आमच्या अंगावर श्वास सोडतात. बत्तिसाव्या मजल्यावर कुणीतरी चादर ओढून झोपतं आणि त्याच्या वाटचा घाम आमच्या गॅलरीत येऊन पडतो. आणि ज्याने तो एसी बसवला तो माणूस पाच इंचांच्या कठड्यावर उभा असतो, कमरेला पट्टा नाही, खाली बघायची सोय नाही. इमारतीत शिरताना त्याला सांगितलेलं असतं, "सर्व्हिस लिफ्टने जा." का? त्याच्या अंगाला काय लागलंय? तांब्याचा वासच ना?

तांब्याला वास असतो. हे मला माहीत नव्हतं. नळी कापली की बोटांना तो लागतो, जुन्या नाण्यांसारखा, आणि साबणाने जात नाही. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात तो माझ्या हातांना आठवडाभर होता. मी छापखान्यात प्रुफं तपासते. तिथे शाईचा वास, घरी सुक्या बोंबलांचा, आणि दोन्हींच्या मध्ये हा नवा पाहुणा. आई म्हणाली, "हात धू, नाहीतर जेवायला बसू नको." मी धुतले. वास तसाच. मला तो आवडायला लागला होता.

आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या शेवटी, एक अभ्यासिका आहे. दोन लांब बाकडी, एक लोखंडी कपाट, भिंतीवर नकाशा. ज्यांना चाळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात, त्यातला एक टीव्ही बघतो, एक फोनवर असतो, एकाला भूक लागलेली असते. तिथे राज्यघटनेची कलमं पाठ करून दाखवा. म्हणून अभ्यासिका. आमच्या इथली पोरं तिथेच बसून दहावी झाली, नर्स झाली, बँकेत लागली. खोली गच्चीच्या बरोबर खाली आहे. स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळी ती उष्णता हळूहळू डोक्यावर सोडतो, पण दोन मोठ्या खिडक्या होत्या, समोरासमोर. वारा एकीतून आत यायचा आणि दुसरीतून निघून जायचा. कुणाची तक्रार नव्हती.

मग शेजारच्या प्लॉटवर टॉवरचं काम सुरू झालं. सकाळी आठपासून जमिनीत खांब ठोकायचं यंत्र, आणि धूळ. पीठ चाळावं तशी धूळ. वहीचं पान उलटलं की मागच्या पानावर बोट उमटायचं. खिडक्या लावून घेतल्या. खिडक्या लावल्यावर खोलीचा तवा झाला. एप्रिलच्या मध्यापर्यंत पोरं एकेक करून गळाली. शेवटी एकटी रेश्मा उरली.

रेश्मा आमच्या समोरच्या खोलीतली. आम्ही एका वर्गात होतो, आणि आमची भांडणं बालवाडीपासूनची आहेत. ती सकाळी परळच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते आणि दुपारी दोनपासून अभ्यास करते. पालिकेच्या लिपिकाची परीक्षा, दुसरी खेप. घरी तिला स्पष्ट सांगितलेलं: या वेळी झालं तर झालं, नाहीतर जून महिन्यापासून लॅबमध्ये पूर्ण दिवस. परीक्षा मेच्या अखेरीला होती. ती ओला रुमाल मानेवर टाकून त्या तव्यात बसायची. घाम कोपरावरून वहीत पडायचा, म्हणून कोपराखाली वर्तमानपत्र.

मी काय करणार? पालिकेत धुळीची तक्रार केली आणि पत्रक काढलं. आमच्या बाबांचा सहा डिसेंबरला दादरला पुस्तकांचा छोटा स्टॉल असतो. त्या स्टॉलमागे बसून मी सहाव्या वर्षी पत्रकाची घडी घालायला शिकले, दहाव्या वर्षी वाटायला, पंधराव्या वर्षी लिहायला. या पत्रकाचा मथळा होता: "धूळ तुमची, छाती आमची!" खाली ठळक अक्षरात सात मुद्दे, आणि शेवटी, नेहमीप्रमाणे: "याला जबाबदार कोण?"

परिणाम झाला. बिल्डरच्या ऑफिसातून एक गुळगुळीत माणूस आला. म्हणाला, नमुना फ्लॅटमधला एसी देतो, बसवूनही देतो, फक्त दारावर आमच्या सौजन्याने अशी पाटी लावा आणि धुळीची तक्रार मागे घ्या. मी त्याला जिना दाखवला. पाटी लावून घ्यायला आमची अभ्यासिका काय बसस्टॉप आहे?

संध्याकाळी हे मी रेश्माला अभिमानाने सांगितलं. तिने पुस्तकातून मान वर केली.

"मला विचारलंस?"

"यात विचारायचं काय? तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तुझ्या तत्त्वाला घाम येत नाही गं," ती म्हणाली, "मला येतो."

मी काहीतरी जोरदार उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही, म्हणजे ते फारसं जोरदार नसणार.

त्यात चाळ कमिटीचे सेक्रेटरी तावडे काका. माणूस वाईट नाही, पण रिकामी खोली दिसली की त्यांना चैन पडत नाही. त्यांनी जिन्यात मला गाठलं. "हे बघ बाळा, वर एक पोरगी बसते. एकीसाठी खोली अडवायची? बिल्डरला टाइल्स ठेवायला जागा हवीय. रविवारी मीटिंग आहे. रविवारपर्यंत पोरं परत आली तर ठीक, नाहीतर चावी देऊन टाकू."

"काका, त्याच बिल्डरला?"

"मग काय दुसरा शोधू?"

आता एसी आला कुठून ते सांगते. गिरगावात एक दातांचा दवाखाना नव्या जागी चालला होता. तिथल्या डॉक्टरीणबाई आमच्या छापखान्याच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांचा जुना एसी निघत होता. मी न लाजता मागितला. त्या म्हणाल्या, "घेऊन जा, पण नळ्या नव्या टाक हं, या वाकून वाकून दमल्यात." हातगाडीवरून तो गिरगावातून लालबागला आला. चिंचपोकळीच्या चढावर मी मागून ढकलत होते आणि गाडीवाले मामा पुढून शिव्या देत होते, गाडीला की मला ते कळलं नाही.

आणि बसवणार कोण? ऑस्टिन अंकल. राहायला भायखळ्याला, भाजीबाजाराच्या मागे. उभं आयुष्य त्यांनी बंदराजवळच्या शीतगृहात मासळीच्या खोल्या थंड ठेवण्यात घालवलं. बाबांचे जुने दोस्त, दर नाताळात आमच्या घरी तळलेली गोड कलकल घेऊन येणारे. बोलणं तुटक, हात सावकाश. या कामाच्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला नाव ठेवलं, लीडर.

शुक्रवारी दुपारी ते आले, खोली बघितली, गॅलरी बघितली. "बाहेरचं मशीन इथं गॅलरीत लावतो. नळी छोटी, काम सोपं."

"नाही," मी म्हटलं. "गरम वारा कुणाच्या दारात सोडायचा नाही. आम्ही त्याच गोष्टीवर भांडतोय."

"मग?"

"गच्चीवर."

त्यांनी मान वर करून छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे भिंतीतून भोक, वर चढ, दोन वळणं. लांब नळी. लीडर, तुझं तत्त्व तांबं खूप खातं." पण आवाजात नाराजी नव्हती. माणसाला अवघड काम मिळालं की चेहऱ्यावर येते ती खुशी होती.

त्या दुपारी मी नळी बघायला शिकले. नळ्या दोन, एक बारीक, दोन सुताची, एक जाड, चार सुताची. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. वेटोळं सोडताना ओढायचं नाही. जमिनीवर ठेवायचं, मोकळं टोक पायाखाली धरायचं आणि वेटोळं लाटण्यासारखं पुढे लाटत न्यायचं. नळी मागे सरळ होत जाते, एकही पोचा न येता. अंकल लाटत गॅलरीभर गेले. दारादारात बायका, पोरं उभी. "काय हो, पापड लाटताय का?" कुणीतरी विचारलं. "या की, तुम्ही तळा," अंकल म्हणाले.

वळण द्यायला नळीवर स्प्रिंग चढवायची आणि मांडीवर हळूहळू वाकवायची. घाई केली तर नळी मुडपते, आणि एकदा मुडपली की ती जागा कायमची अरुंद. कापायचं कटरने: चाक नळीभोवती फिरवायचं, जरा आवळायचं, परत फिरवायचं. मी पहिल्यांदा एकदम आवळलं. नळीचं तोंड चेपलं.

"कुणावर राग काढतेस?" अंकल.

"कुणावर नाही."

"मग हळू. तांबं मऊ असतं. त्याला ओरडून कळत नाही."

कापल्यावर आतली कड खरवडायची, तोंड खाली धरून, म्हणजे कीस आत न पडता बाहेर पडतो. मग नट आधी नळीवर चढवायचा. आधी! हे त्यांनी तीनदा सांगितलं, कारण प्रत्येक शिकाऊ माणूस सुंदर तोंड फुलवतो आणि मग त्याला नट जमिनीवर पडलेला दिसतो. चढवायला मार्ग नसतो, परत कापा. नट चढवला की नळी दोन लोखंडी पट्ट्यांच्या मध्ये पकडायची आणि वरून टोकदार स्क्रू फिरवत खाली आणायचा. नळीचं तोंड उमलतं. गोल, गुळगुळीत, छोट्याशा कर्ण्यासारखं. मी आयुष्यात कर्णे पुष्कळ पाहिले, रिक्षावरचे, मोर्च्यातले. इतका गप्प कर्णा पहिल्यांदा पाहिला. त्याला फक्त समोरच्या तोंडाशी नीट बसायचं असतं. मध्ये रबर नाही, गोंद नाही. तांब्याला पितळ टेकतं, बस. तेलाचा एक थेंब, नट हाताने अडेपर्यंत फिरवायचा, मग दोन लोखंडी पाने घ्यायचे, एकाने धरायचं, दुसऱ्याने जरासंच आवळायचं.

"अजून आवळू?"

"ज्यादा आवळलंस की फुलाला चीर जाते. कमी आवळलंस की गॅस जातो. मध्ये थांबायचं."

"मध्ये म्हणजे कुठे?"

"ते हाताला विचार. मला काय विचारतेस?"

मी तेव्हा हसले. पण घरी जाताना डोक्यात तेच. मी लिहिलेल्या एकूण एक पत्रकात उद्गारचिन्हं आहेत, कुठे कुठे तीन तीन. त्यातली किती आवळून आवळून चिरली असतील?

हे सगळं त्यांनी मला तुकड्यांवर शिकवलं. खऱ्या नळ्या तोवर गच्चीपासून खोलीपर्यंत घालून झाल्या होत्या, काळ्या फोममध्ये गुंडाळलेल्या. चारी टोकं जोडायची बाकी. अंकलच्या नातीचा वाढदिवस होता, त्यांना घरी जायचं होतं. जाता जाता म्हणाले, "लीडर, चारी तोंडं बंद कर. टेप लाव. ही धूळ आत गेली तर मशीन खलास."

टेप तीन तोंडांना पुरली. चौथ्याला, खोलीतल्या बारीक नळीच्या तोंडाला, उरली नाही. दुकानात जाऊन आणता आली असती. पण मी कामाची माणूस, वाट कशाला बघायची! पिशवीत पत्रकं होती. एकाची बारीक सुरळी केली, नळीच्या तोंडात घातली, आणि धूळ अजिबात जाऊ नये म्हणून पेनाच्या रिफिलीने ठासून ठासून आत ढकलली. रिफिल जाईल तेवढी. मी कुठलंही काम अर्धवट करत नाही.

शनिवारी सकाळी मी छापखान्यात होते. तिथून चार वाजता धावत चाळीत आले तेव्हा सगळं जोडून झालं होतं. अंकलनी सांध्यांना भांड्याच्या साबणाचा फेस लावून पाहिला होता, एकही बुडबुडा नाही. पंप लावून नळीतली हवा खेचली होती, गॅस सोडला होता. खोलीत रेश्मा, दोन-चार परतलेली पोरं, आणि हाताची घडी घालून तावडे काका. अंकलनी रिमोट दाबला. एसीने झाकण उघडलं, छान आवाज केला, आणि वारा सोडला.

पंख्याचा वारा. कोमट.

पाच मिनिटं, दहा मिनिटं. तावडे काकांनी सदऱ्याची कॉलर मागे ओढली. "थंड होणार आहे ना? की माझा भ्रम?"

पोरं हसली. रेश्मा हसली नाही. तिने पुस्तकं पिशवीत भरायला घेतली. ते बघून माझं डोकं फिरलं, आणि डोकं फिरलं की माझ्या तोंडून थेट मथळेच निघतात.

"अंकल, तुमचा जॉइंट चुकलाय. गॅस गळलाय. एवढ्या लोकांचा प्रश्न आहे, तुम्ही नीट बघायला नको होतं? कुणीतरी जबाबदारी घेणार की नाही?"

सगळ्यांसमोर. मोठ्याने. वडिलांच्या वयाच्या माणसाला.

खिशातून रुमाल काढून अंकलनी हात पुसला, आणि तो हात भिंतीवरच्या एसीच्या खाली, बारीक नळीवरच्या काळ्या फोमवर ठेवला. डॉक्टर पोट तपासतात तसा हात इंचाइंचाने सरकवला. एका जागी थांबले. ब्लेडने फोम चिरला.

आत, मे महिन्यात, लालबागमध्ये, बर्फ होता. नटाच्या खाली वीतभर अंतरावर नळीला पांढरं कडं. कड्याच्या अलीकडे नळी कोमट, पलीकडे पांढरी. एक पोरगा पुढे होऊन बोट लावून आला आणि ओरडला, "थंड आहे रे!" खोलीतली तेवढीच जागा थंड होती.

"गॅस गळला असता तर बर्फ इथं मध्येच नसता आला," अंकल रेश्माला म्हणाले, माझ्याकडे न बघता. "आत काहीतरी अडकलंय. गॅस चिमटून चिमटून जातोय."

मला तेव्हाच कळलं. खरं सांगते, त्याच क्षणी. आणि मी गप्प बसले. ज्या मुलीने सबंध शाळेत एकदाही हात खाली ठेवला नाही, ती भिंतीवरच्या नकाशाकडे बघत उभी राहिली.

अंकलनी सगळा गॅस बाहेरच्या मशीनमध्ये ओढून घेऊन बंद केला. गच्चीवर गेले, खाली आले, गुडघे धरून. नट सोडला, बर्फाच्या जागेच्या मागे नळी कापली, आणि कापलेल्या तुकड्यात तार घातली. तेलाने भिजलेली काळपट सुरळी बाहेर आली. त्यांनी ती रेश्माच्या हातात दिली. रेश्माने ती उलगडली. कागद तेलाने पारदर्शक झाला होता, पण आमच्या छापखान्याची शाई चांगली असते. ती मोठ्याने वाचायला लागली, परीक्षेत उतारा वाचावा तशी:

"याला जबाबदार कोण?"

बाहेर यंत्र जमिनीत ठोकत होतं, धप्, धप्.

"मी," मी म्हटलं.

तावडे काकांना काहीच कळलं नाही. "काय मी?"

"मी कोंबलंय ते. टेप संपली म्हणून. आणि अंकलना मघाशी जे बोलले ते खोटं. जॉइंट त्यांचा चोख होता. चूक माझी आहे." मग, इतकी वर्षं दुसऱ्यांकडून जे मागत आले ते मलाच द्यावं लागलं. "अंकल, मी तुमची सगळ्यांसमोर माफी मागते."

अंकल नळीच्या तोंडातून दिव्याकडे बघत होते, दुर्बिणीतून बघावं तसे. "लीडर," ते म्हणाले, "तू नेहमी रडतेस ना, माझं पत्रक कुणी वाचत नाही? बघ. गॅसने अडून अडून वाचलं."

आधी रेश्मा हसली. मग ती थांबेनाच. मग सगळेच. तावडे काकांना परत सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि समजल्यावर ते इतके हसले की बाकड्यावर बसले.

एक अडचण उरली होती. तेवढा तुकडा कापल्यावर नळी तोकडी पडायला हवी. पण अंकलनी भिंतीमागे एक सैल वळण सोडलं होतं. शिंपी कापडात माया ठेवतो ना, तशी. "माणसं चुकतात," ते म्हणाले. "नळी थोडी जास्त ठेवायची." मग त्यांनी पट्ट्या आणि स्क्रू माझ्या हातात दिले. "हे तोंड तू फुलव."

"मी? आता?"

"मग कोण, तावडे?"

मी नळी कापली, सावकाश. तोंड खाली धरून कड खरवडली. आत टॉर्च मारला, दोनदा. पट्टीत पकडणार इतक्यात रेश्मा मागून म्हणाली, "नट." नट बाकड्यावर होता! तो चढवला. स्क्रू फिरवला. तोंड उमललं. हात अडला तिथे थांबले, पाना घेतला, जरासंच. फेस लावला. सगळे खाली वाकून बुडबुड्याची वाट बघत होते. फेस तसाच बसून राहिला. ढिम्म.

पंपाने परत हवा खेचेपर्यंत तासभर गेला. कुणी घरी गेलं नाही. कुणीतरी चहा आणला. मग गॅस सोडला, रिमोट दाबला, आणि पहिल्यांदा नाकाच्या शेंड्याला कळलं. मग कानांना. रेश्माने मानेवरचा ओला रुमाल काढला, घडी करून पिशवीत ठेवला, पुस्तक उघडलं आणि म्हणाली, "आता सगळे बाहेर जा. पहिली तू."

रविवारी कमिटी बघायला वर आली. तावडे काका "पाचच मिनिटं" म्हणून बाकड्यावर टेकले आणि वर्तमानपत्र छातीवर घेऊन झोपले. मीटिंग त्यांना उठवून कोण घेणार? खोलीत सोळा-सतरा पोरं होती आणि सेक्रेटरीच्या घोरण्याखेरीज आवाज नव्हता. टाइल्सचा विषय कुणी काढलाच नाही.

धुळीची तक्रार मी मागे घेतलेली नाही. ती आजही चालू आहे, टॉवर अकराव्या मजल्यावर पोचलाय, आणि मी ती लढणार आहे. एसी मिळाला म्हणजे हवा मिळाली असं नव्हे. हे ज्यांना कळत नाही त्यांना मी पुन्हा पुन्हा कळवीन. पण गच्चीवरच्या त्या मशीनच्या गरम वाऱ्याचं यंदा वेगळंच झालंय. बायकांनी शोधून काढलं की त्याच्यासमोर कुरडया निम्म्या वेळात वाळतात. आता समोरच्या जागेसाठी नंबर लागतात. परवा तावडे काकू माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या, अमकीने माझ्या ताटाच्या पुढे ताट सरकवलं, तू यावर काहीतरी लिही. अन्याय कुठे कुठे पोचतो बघा.

रेश्मा आता पालिकेच्या एका कार्यालयात बसते. माझे अर्ज तिच्याच टेबलावर जातात, आणि विषय एका ओळीत लिहिला नसेल तर ती ते परत करते, मैत्रीण असूनही. की म्हणूनच.

पण मला यंदा तांबं दिसायला लागल्यापासून आठवतेय ती तिच्या परीक्षेची दुपार. केंद्र दादरच्या एका शाळेत होतं. मी फाटकाबाहेर उभी. घंटा झाली, आणि ती बाहेर आली ती घामाने निथळत. कुडता पाठीला चिकटलेला, पेनाची शाई मनगटावर उतरलेली.

"आत पंखा नव्हता?" मी विचारलं.

"होता. फिरत नव्हता."

माझा हात पिशवीत गेलाच. पेन, कागद. मथळा तर जिभेवर तयार होता.

रेश्माने माझं मनगट धरलं. दमली होती, पण पकड घट्ट होती. "थांब. आधी हे लिही, पेपर मस्त गेला."

चांगलं झालेलं लिहायची मला सवय नाही. मला एक वर्ष लागलं.